१ ऑगस्टचा फळा

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या असं पत्र आलं आणि पत्रावर तारीख होती १ ऑगस्ट. पाठवणाऱ्याला कल्पना नसेल, पण मला ती तारीख बघून पहिल्यांदा आठवला तो घंटेशेजारचा काळा फळा, त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं कायमचं लिहिलेलं 'आजचा दिनविशेष' आणि खाली सरांचं वळणदार अक्षर. सर म्हटलं की आपल्या शाळेत एकच, त्यामुळं नाव लिहीत नाही. बाकीच्या गुरुजनांचे उपकार आहेतच, त्यांच्याबद्दल इतर माजी विद्यार्थी लिहितील, मी सरांबद्दलच लिहिणार आहे.

दिनविशेषाचा फळा तसा सगळ्याच शाळांत असतो हो, पण सरांकडं त्यासाठी एक जाड रजिस्टर होतं, निळ्या कापडी बांधणीचं, दर तारखेला एक पान, २९ फेब्रुवारी धरून ३६६ पानं. कुठं काही वाचलं की त्या तारखेच्या पानावर नोंद आणि पुढं बारीक अक्षरात कुठं वाचलं ते. आपण काही सांगायला गेलो की पहिला प्रश्न, "कुठं वाचलंस?" आणि ऐकलंय सर म्हटलं की "मग वाचून ये".

आठवीत माझं अक्षर बरं म्हणून फळा लिहायचं काम माझ्याकडं आलं. १ ऑगस्टला मी पाऊण तास आधी शाळेत गेलो. त्या दिवशी भाषणं असायची, शेंगांची टरफलं प्रत्येक वर्गातून एकदा तरी यायचीच. मी रंगीत खडूनं मोठ्या अक्षरात 'लोकमान्य टिळक पुण्यतिथी, १९२०' लिहिलं, भोवती महिरप काढली, फुलं काढली आणि त्यात फळा संपला. खाली उजव्या कोपऱ्यात चार बोटं जागा उरली होती, तिथं बारीक अक्षरात 'अण्णाभाऊ साठे जयंती' कोंबलं. मनात दुसरं काही नव्हतं, जागाच राहिली नव्हती.

सर सायकल लावून आले, फळ्यासमोर उभे राहिले, काही बोलले नाहीत. ओलं फडकं घेतलं आणि सगळा फळा पुसून टाकला, महिरपीसकट. मला रडू फुटायच्या बेतात होतं. मग त्यांनी फळ्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ मारली आणि खडू माझ्या हातात दिला.

"दोघांचं साल काय?"

"१९२० सर."

"दिवस?"

"एकच."

"मग जागा?"

बस्, एवढंच. ना आवाज चढवला ना उपदेश केला. घंटेची वेळ झाली होती, सगळी शाळा रांगेत उभी आणि मी डावीकडं टिळक, उजवीकडं अण्णाभाऊ, सारख्या मापाच्या अक्षरात लिहितोय, हेडसरांनी प्रार्थना थांबवून धरली होती तेही मला आजपर्यंत लक्षात आहे. आमच्या वर्गात मागच्या बाकावर बसणारा एक दोस्त होता, त्याच्या घरी भिंतीवर अण्णाभाऊंचा फोटो होता. मधल्या सुट्टीत डबा न खाता तो फळ्यासमोरच उभा होता. काय वाचतोयस म्हटलं तर काही नाही म्हणाला.

परिपाठाला सर जे बोलले ते मी आजही तसंच सांगू शकतो. टिळक गेले ते मुंबईत, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात, ३१ जुलैची मध्यरात्र उलटल्यावर. म्हणजे थोडं आधी झालं असतं तर पुण्यतिथी ३१ जुलैला आली असती. त्याच १ ऑगस्टला गांधीजींचं असहकार आंदोलन सुरू व्हायचं होतं, त्याच तारखेच्या पत्रानं त्यांनी व्हाइसरॉयला कैसर-ए-हिंद पदक परत केलं आणि त्याच दिवशी टिळकांच्या अंत्ययात्रेत खांदाही दिला. आणि तिकडं वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात मातंग वस्तीत एक पोरगं जन्मलं, तुकाराम नाव ठेवलं, त्याची बातमी कुठल्या पेपरात यायचं कारणच नव्हतं. सर म्हणाले, असहकाराची तारीख आधी ठरवलेली होती, टिळकांचं जाणं कुणी ठरवलेलं नव्हतं आणि वाटेगावचा जन्म कुणाच्या खिजगणतीतही नव्हता, तीन वेगळ्या गोष्टी, तारीख एक. जे पोरगं जेमतेम दीड दिवस शाळेत गेलं, घरच्यांबरोबर चालत मुंबईला गेलं, त्यानंच पुढं संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत आपल्या शाहिरीनं सभा उभ्या केल्या आणि १९५८ ला मुंबईत पहिल्या दलित साहित्य संमेलनाचं उद्घाटन केलं.

नंतर सरांनी मला ते १ ऑगस्टचं पान दाखवलं. बापरे, किती नोंदी! १७७४, प्रीस्टली या इंग्रजानं मोठ्या भिंगातून पाऱ्याच्या लाल भस्मावर ऊन पाडलं आणि जो वायू निघाला त्यात मेणबत्ती भडकून पेटली, तोच ऑक्सिजन. आम्ही म्हणालो आपण भिंग आणून बघू, पण १ ऑगस्टला आपल्याकडं ऊन कुठलं, आठवडाभर नुसती झड, शेवटी कागद जाळायचा कार्यक्रम दसऱ्यानंतर झाला.

१८३४, ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी बंद करणारा कायदा लागू. सरांनी वर्गाला विचारलं, सरकारनं २ कोटी पौंड भरपाई दिली, कुणाला? आम्ही एका सुरात, गुलामांना! नाही, मालकांना. आठ लाखांवर माणसं, त्यांना दमडी नाही, उलट बहुतेकांना आणखी चार वर्षं 'उमेदवारी' म्हणून त्याच मालकाकडं राबावं लागलं. आणि मळ्यात काम करायला माणसं कमी पडणार म्हणून त्याच वर्षी मॉरिशसला हिंदुस्थानातून करारावरचे मजूर जायला लागले, पुढं त्यात आपल्याकडचीही माणसं गेली, म्हणून तर तिथं अजून मराठी घरं आहेत.

१९४४, वॉर्सा उठाव, म्हणजे पोलंडच्या राजधानीत जर्मन फौजेविरुद्ध झालेलं बंड. यावर मी म्हणालो होतो, सर हे कशाला, आपला काय संबंध? सरांनी उत्तर दिलं नाही, दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्याच काळात पोलंडची पाचेक हजार माणसं, बहुतेक बायका आणि पोरं, कोल्हापूरजवळ वळिवड्याला कॅम्पात राहत होती, त्यांची शाळा होती, चर्च होतं, आणि आपल्या गावापासून ते अंतर एसटीनं तास-दीड तासाचं. तिकडं वॉर्सात संध्याकाळी पाच वाजता लढाई सुरू झाली, ६३ दिवस चालली, जवळजवळ सगळं शहर नष्ट झालं. आजही दर १ ऑगस्टला पाच वाजता तिथं भोंगा वाजतो आणि रस्त्यावरची माणसं, गाड्या जागच्या जागी थांबतात.

मी तलाठी म्हणून लागलो (आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात), सध्या मंडळ अधिकारी आहे. गंमत बघा, आमचं महसुली वर्ष १ ऑगस्टलाच सुरू होतं आणि त्याच दिवशी महसूल दिन. म्हणजे सरांचं पान काही माझा पिच्छा सोडत नाही आणि मला तो सुटायला नकोच आहे. फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीतला बदल, प्रमाणित करताना कागद समोर आला की मी तलाठ्याला विचारतो, पुरावा कुठाय? आणि वारस नोंदीला भाऊ येतात, म्हणतात बहिणींची नावं नंतर घालू, नाहीतर खाली इतर हक्कात टाका की साहेब. जुन्या सातबाऱ्यावर असंच झालंय, मुलगे वर कब्जेदार म्हणून आणि लेकी कोपऱ्यात इतर हक्कात. अशी नोंद आली की मला तो फळ्याचा उजवा कोपरा दिसतो. मी सगळ्या वारसांची नावं सारखी घ्यायला लावतो, त्यावरून दोनदा तक्रार झाली माझी वरपर्यंत, दोन्ही वेळा कागद बरोबर निघाले. गेल्या वर्षी तालुक्याच्या महसूल दिनाच्या कार्यक्रमात सत्कार झाला तेव्हा मी ही फळ्याची गोष्ट सांगितली, प्रांतसाहेबांनी नंतर बोलावून परत एकदा ऐकली.

मागं शाळेत आलो होतो, फळ्याच्या जागी आता टीव्ही आहे. मोठा आहे, चांगला आहे, देणगीदारांचे आभारच मानले पाहिजेत. पण त्यावर दिनविशेष म्हणून जे फिरत होतं ते मोबाईलवर आलेलं होतं, त्यात एका माणसाची जयंती आणि पुण्यतिथी उलटी होती आणि मुलं खाली बघत वर्गात चालली होती. मला खरंच वाईट वाटलं. टीव्ही ठेवा, पण शेजारी तीन बाय चारचा एक काळा फळा परत लावा, आठवीतल्या एका मुलाला किंवा मुलीला रोज लिहायला द्या आणि कुठं वाचलंस एवढं विचारणारं कुणीतरी तिथं उभं करा. फळ्याचा खर्च मी देतो.

२०२० ला टिळकांच्या मृत्यूला आणि अण्णाभाऊंच्या जन्माला एकाच दिवशी शंभर वर्षं झाली. सर असते तर त्यांनी किती तयारी केली असती! सर त्याआधीच गेले होते आणि कोरोनामुळं शाळाही बंद होती. आम्ही ड्युटीवर होतो, क्वारंटाइन सेंटरमध्ये आकडे लिहायला एक व्हाइटबोर्ड होता, त्यावर सकाळी मी मधोमध उभी रेघ मारली आणि दोन्ही नावं लिहिली, मग खाली आकडे. कुणी काही विचारलं नाही. एक आजोबा तेवढे दाराशी थांबले आणि मास्क खाली करून दोन्ही नावं मोठ्यानं वाचली.

आता शेवटचं. सरांचं ते निळं रजिस्टर मी सरांच्या मुलाकडं विचारलं, घरी नाही म्हणाले, निवृत्तीच्या दिवशी सरांनी ते स्टाफरूममधल्या लोखंडी कपाटात ठेवलं होतं. शाळेत विचारलं तर जुन्या इमारतीतून सामान हलवताना कुठं गेलं कुणाला माहीत नाही. रद्दीत गेलं असेल असं मला अजून मानवत नाही. कुणा माजी विद्यार्थ्याकडं, शिपाईमामांकडं, कुणाच्याही घरी असेल तर कृपया शाळेच्या ऑफिसात आणून द्या. पहिल्या पानावर सरांची सही आहे आणि १ ऑगस्टच्या पानाच्या कोपऱ्याला माझ्या हातच्या पिवळ्या खडूचा डाग आहे.