कामठीचा बिल्ला, भंडाऱ्याची भट्टी

धानाची चुरणी आटोपली आणि दीड महिन्यानं जुन्या लष्करी बिल्ल्यांचा डबा उघडायला सवड मिळाली. मागच्या नोंदीच्या वेळी डब्यात २८ नग होते: १९ पितळी बिल्ले, ६ कापडी आणि ३ पदकं. त्यांपैकी १३ मी ‘नक्कल’ लिहिलेल्या पुडीत टाकले होते. आज पुडीत ११ आहेत. दोन परत डब्यात आले, त्यांचीच ही हकिकत.

मी सुरुवातीपासून एकच कसोटी लावत आलो. खरा बिल्ला ठशाखाली दाबून काढलेला असतो, ओतीव असला की नक्कल. ठशाचा बिल्ला पालथा केला की पुढच्या उंचवट्याच्या जागी मागं खोलगा दिसतो आणि आरपार जागा स्वच्छ कापलेल्या असतात. ओतीव बिल्ल्याची पाठ सपाट आणि भरीव असते, तिच्यावर सुईच्या टोकाएवढी छिद्रं असतात, कडेवर साचा जुळल्याची रेघ दिसते. ब्रिटिश पलटणींच्या बिल्ल्यांना ही कसोटी बऱ्यापैकी लागू पडते. आपल्याकडे ती घात करते. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानी पलटणी भराभर उभ्या राहिल्या, आणि पुष्कळ बिल्ले इथल्याच कारागिरांनी रेतीच्या साच्यात ओतून दिले. ते ओतीवही आहेत आणि अस्सलही.

हे पुस्तकी ज्ञान होतं, डोळ्याला ते दिसत नव्हतं. म्हणून दोन ओतीव बिल्ले रुमालात बांधून भंडाऱ्याला गेलो. पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेलं गाव. तिथं ओतकाम करणारे एक काका ओळखीचे आहेत. त्यांनी दोन्ही बिल्ले उजेडात धरले, कडेवरून नख फिरवलं आणि पहिला माझ्या हातात ठेवला. “हे ओतूनच केलं हाय भाऊ, पन करनाऱ्यानं मेहनत घेतली हाय. कानस पाहा, हातानं मारली हाय.” खरंच, कडेवरच्या रेघा आडव्या-तिरप्या होत्या, कुठं खोल, कुठं उथळ. दुसऱ्यावर सगळ्या रेघा एकाच दिशेनं, एकसारख्या. “याले ग्राइंडर लागला हाय. अन् याचा बाप दुसरा बिल्लाच हाय.”

हे शेवटचं वाक्य मी वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं. पितळ निवताना साधारण दीड टक्का आकसतं. मूळ कारागीर हे धरून नमुना थोडा मोठा करतो. पण तयार बिल्लाच रेतीत दाबून साचा घेतला, की निघणारा नग मूळापेक्षा लहान होतो आणि अक्षरांच्या कडा बुजतात. घरी येऊन हाच हिशोब बर्मा स्टारला लावला, म्हणजे महायुद्धातल्या तारेच्या आकाराच्या पदकाला, आणि तो व्हर्निअरनं मोजला. त्याची उंची ४४ मिलिमीटर असायला हवी, माझा ४३.३ भरला. तो पुडीतच राहिला.

आता महार रेजिमेंटच्या बिल्ल्याबद्दल. पहिली पलटण १९४१ च्या ऑक्टोबरात बेळगावला उभी राहिली आणि दुसरी आपल्या कामठीला. सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. ऑक्टोबर १९४६ मध्ये रेजिमेंट मशीनगनची झाली, त्यानंतर बिल्ल्यावर तिरप्या ठेवलेल्या दोन व्हिकर्स मशीनगन आल्या, आणि पुढं स्तंभाच्या जागी खंजीर आला. म्हणून ‘महायुद्धातला’ म्हणून कोणी मशीनगन आणि खंजीर असलेला बिल्ला दाखवला, तर तो कितीही जुना दिसला तरी युद्धातला नाही. मला एका विक्रेत्यानं तोच देऊन चांगले पैसे घेतले. बिल्ला रेजिमेंटचाच आहे, सांगितलेला काळ खोटा.

स्तंभाचा बिल्ला मात्र आत्याच्या घरच्या ट्रंकेतला. तिचे सासरे कामठीला भरती झाले होते. तोही मी पुडीत टाकला होता, याची आज फार खंत वाटते. ओतीव होता आणि वर नव्यासारखा चकचकीत. आत्याला विचारलं तर म्हणाली, “अरे बापू, दर दिवाळीले देवाच्या भांड्यांसंगं चिंचेनं घासते मी त्याले.”

मग पाठीकडून बघितलं. शिपाई पुढची बाजू घासतो, मागची नाही. मागं काळपट थर जसाच्या तसा होता. पिन जाते त्या कड्यांची भोकं आतून लांबट झिजलेली. पुढचे उंचवटे गोलसर, खोबणीत पॉलिशचा वाळलेला पांढरट-हिरवा गाळ. नकली बिल्ल्याला रसायनानं काळं करतात तेव्हा काळेपणा उंचवट्यावर आणि खोबणीत सारखाच बसतो, कड्या मात्र कोऱ्या राहतात. बोटांनी आणि पिनेनं वर्षानुवर्षं केलेली झीज अशी पटकन आणता येत नाही. काकांनी हातात ठेवलेला पहिला बिल्लाही पाठीवरून असाच निघाला. तो दुसरा परतलेला नग.

कापडी नगांचं काम अर्धवट आहे. चौथ्या हिंदुस्थानी डिव्हिजनच्या लाल गरुडाच्या कापडी बिल्ल्याचा धागा यूव्ही टॉर्चखाली निळसर-पांढरा चमकला. धाग्यात घालायची ती चमकदार रसायनं युद्धानंतरची, म्हणून मी खूश होऊन निकाल लावणार होतो. पण जुनं कापड आजच्या धुण्याच्या पावडरीत एकदा बुचकळलं तरी चमकतं. म्हणून आता उलट्या बाजूचा, शिवणीच्या आत दबलेला एक धागा ओढून जाळून पाहायचाय. सुती असेल तर राख होईल, पॉलिस्टर असेल तर वितळून कडक गोळी होईल.

पदकांचं थोडक्यात. हिंदुस्थानी शिपायांच्या गोल पदकांच्या कडेवर क्रमांक, हुद्दा आणि नाव असे. नाव घासून दुसरं उमटवलेलं असेल तर तिथं कड खाली गेलेली सापडते. ३६ मिलिमीटर व्यासाचं पदक फिरवत पाच ठिकाणी मोजा. बर्मा स्टार सोडून माझी बाकीची दोन्ही सरळ निघाली.

रविवारी आत्याकडे जाऊन बिल्ला परत दिला. तिनं तो देवाच्या भांड्यांत ठेवला नाही. सासऱ्यांच्या फोटोखालच्या कोनाड्यात ठेवला आणि म्हणाली, “आता चिंच नाही लावत.”