तुम्ही विचारलंत म्हणून : गेम घेऊन मराठी का शिकवत नाही?

"बी.एड.ला आहेस, मोबाईल सारखा हातात असतो, मग वर्गात गेम घेऊन मराठी शिकवायला काय होतं?" हे मावशी विचारते, शेजारचे काका विचारतात. पुढचं वाक्यही ठरलेलं : "आपल्याच जिल्ह्यात डिसले गुरुजींनी करून दाखवलं की!" दाखवलं. परितेवाडीच्या शिक्षकाला २०२० साली ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, याचा अभिमान मलाही आहे. पण त्यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले. तो गेम नव्हता, आणि एका सराव पाठात उभं राहणारं कामही नव्हतं.

आणि मी घेतलाय गेम. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत, सहावीला. निम्म्याअधिक मुलांच्या घरी तेलुगू. तेलुगूत एकवचनात 'ती' आणि 'ते' यांचं क्रियापद एकच चालतं, त्यामुळे मराठीचं लिंग हा या मुलांचा खरा घोळ. पडद्यावर शब्द, खाली तीन पर्याय : तो, ती, ते. प्रत्येक गटाला आम्हा छात्राध्यापकांपैकी एकाचा फोन. जो लवकर दाबेल त्याला जास्त गुण. माग, चादर, वाटी पटापट झाले. मग आला 'लोणी'.

एक मुलगी म्हणाली, "ती. वाटी ती, वेणी ती, मग लोणीपण ती." शेजारचा उसळला, "काय बे, पाणी ते म्हणतो की आपण! मग लोणी बी ते." तिसरा म्हणाला, "आणि वाणी? तो वाणी!" मी शिकवलेलं यात काही नव्हतं. मुलं नियम बनवत होती, मोडत होती. निम्मं तेलुगूत, निम्मं मराठीत. तेवढ्यात फोन धरलेल्या मुलानं कुणाचंच न ऐकता 'ती' दाबलं. चूक. लाल फुली, शून्य गुण, पुढचा शब्द. वाद तिथेच मेला. 'लोणी'चं काय झालं, हे परत कुणी विचारलंच नाही. सगळ्यांचे डोळे गुणतक्त्यावर.

निरीक्षण वहीत शेरा आला : वर्गनियंत्रण कमी पडले. म्हणजे पाठातली जी दोन मिनिटं खरी होती, नेमके त्यांचेच गुण कापले. राग अजून आहे.

पहिल्या वर्षी मीच प्रकल्पात लिहिलं होतं, 'डिजिटल खेळांमुळे भाषाशिक्षण आनंददायी होते.' ते लिहिणारीला आज विचारावंसं वाटतं : बाई, आनंद कशाचा? शब्दाचा की गुणांचा? पण तिला अगदीच उडवूनही लावता येत नाही. गेम नसता तर 'लोणी'वरून कोण भांडलं असतं? वेळेचं बंधन काढता येतं, मान्य. पण मग त्यात गेम किती उरतो?

पुढे दुसऱ्या तुकडीवर तेच शब्द चिठ्ठ्यांवर लिहून पाठ घेतला. घड्याळ नाही, गुण नाहीत. वाद झाला, छान रंगला, पण पुढच्या दोन बाकांवरच. मागची मुलं खिडकीबाहेर बघत होती. गेमच्या दिवशी मागचे बाक सगळ्यात पुढे घुसले होते.