आमची वाटचाल: बंडीच्या धावेपासून बॅरिअरपर्यंत

बाबांचं वेल्डिंगचं दुकान यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा-दिग्रसच्या पट्ट्यात. बंडीच्या चाकाला धाव चढवणे, ट्रॉलीचे फाळके सांधणे, वखराची पास ठोकून देणे, अशी कामं. एक दिवस रस्त्याच्या ठेकेदाराचा मुकादम डांबराचे वीस रिकामे ड्रम दुकानासमोर टाकून गेला. म्हणाला, "लाल-पांढरे पट्टे मारून द्या, काकाजी, रस्त्यावर ठेवाचे हाय." बाबांनी ऑइलपेंट मारून दिला. आठ दिवसांनी तो आणखी तीस घेऊन आला. मी तेव्हा बारावीला गचकून दुकानात बसलो होतो. रस्त्याच्या कामावर बॅरिअर भाड्याने द्यायच्या आमच्या धंद्याची सुरुवात ती अशी.

ते ड्रम वाऱ्याने लोळू नयेत म्हणून आम्हीच त्यांत गिट्टी नाहीतर दगड भरून द्यायचो, वर शाबासकी मिळायची. रात्री मोटरसायकलवाला त्यावर आदळला तर त्याच्यासाठी ती दगडाची भिंतच होती, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं नाही. आमच्या तर नाहीच.

पुढे जिल्ह्यात सिमेंट रस्त्यांची कामं निघाली, नागपूर-तुळजापूर महामार्गाचं चौपदरीकरण झालं, आणि ड्रमवर भागेनासं झालं. सिमेंट रस्ता एका वेळी अर्धाच ओततात. ओतलेली बाजू ओल्या गोणपाटाखाली पडून राहते, गाड्या उरलेल्या अर्ध्यातून चालतात आणि मधोमध फूटभर उंचीची सरळसोट कड अनेक आठवडे उघडी असते. अंधारात त्या कडेवर चाक गेलं की स्टेअरिंग हातात राहत नाही. ठेकेदार विचारायला लागले, "प्लास्टिकचे डब्बे आहेत का भाड्याने?" डब्बे म्हणजे आत पाणी भरायचे पोकळ बॅरिअर. मी नागपूरहून चाळीस डब्बे उधारीवर उचलले. दोन मीटरचा एक नग, रिकामा असताना दोन पोरं सहज उचलतील एवढा. पाणी भरलं की पाचशे किलोच्या वर. जाहिरातीत शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरात असतं. पाणी भरायचं कोणी, हे कुठेच नसतं.

पहिल्याच मोठ्या कामावर ते आम्हाला कळलं. मे महिना होता. टँकरवाला "उद्या सकाळी येतो" म्हणाला, म्हणून आम्ही चाळीसच्या चाळीस डब्बे रिकामे मांडून ठेवले. दिसायला रांग झकास दिसत होती, फोटोही काढला. संध्याकाळी सहाला वादळ सुटलं. उन्हाळ्यातलं आमच्याकडचं वादळ ज्याने पाहिलं त्याला सांगायला नको: आधी धूळ, मग पत्रे, मग पाऊस. डब्बे एकेक करून रस्त्यावर गडगडत गेले. नेरहून येणारा एक दुचाकीवाला त्यातल्या एकाला चुकवायला गेला आणि घसरला. मनगट मोडलं. दवाखान्याचा खर्च आम्ही केला. बाबा आणि मी त्याच्या घरी भेटायला गेलो. त्याने चहा दिला आणि शांतपणे विचारलं, "डब्बे भरा लागते, हे तुमाले माहीत नोतं का जी?"

बाबा काही बोलले नाहीत. मला माहीत होतं.

त्यानंतर आमचा एक नियम झाला आणि तो आजही मोडत नाही: टँकर साइटवर उभा असल्याशिवाय डब्बा गाडीतून उतरत नाही. यात दोन ठेकेदार तुटले. तुटू दे.

पण पाण्याचं गणित सोपं नव्हतं. चाळीस डब्बे म्हणजे वीस हजार लिटर, म्हणजे पाच हजारांचे चार टँकर. एप्रिल-मेमध्ये गावात प्यायच्या पाण्यासाठी बाया गुंड-घागरी घेऊन उभ्या असतात आणि आम्ही त्यांच्या डोळ्यांदेखत प्लास्टिकच्या डब्ब्यांत पाणी ओततोय. एका गावात एक म्हातारी माझ्या अंगावर आली. "आमाले प्याले नाई अन् तू रस्त्याले पाजतं का रे?" तिला कोणत्या तोंडाने सुरक्षेची पुस्तकं दाखवणार? तेव्हापासून आम्ही गिट्टी खदानीच्या खड्ड्यात साचलेलं पाणीच घेतो. ते मिळालं नाही तर त्या कामाला डब्बे देत नाही, काँक्रीटचे बॅरिअर देतो. तरी पोरं बूच काढून बैल धुतात. म्हणून दर दोन दिवसांनी आमचा माणूस प्रत्येक डब्ब्याला गुडघा लावून बघतो. हलला की अर्धा रिकामा.

"पाणी नाही तर रेती भरा ना," असं सगळेच सुचवतात. रेती पाण्यापेक्षा जड, हे खरं. पण पाण्याचा डब्बा धडकेत फुटतो, पाणी बाहेर फेकलं जातं, त्यात गाडीचा जोर काही प्रमाणात जिरतो. दाबून बसलेली रेती तशी वाहत नाही. म्हणजे आम्ही पुन्हा दगड भरलेल्या ड्रमवर आलो. शिवाय काम संपल्यावर ती उपसणार कोण?

मला या धंद्यातली खरी अक्कल एका निवृत्त उपअभियंता साहेबांनी दिली. त्यांनी इंडियन रोड्स काँग्रेसच्या एसपी ५५ या मार्गदर्शिकेची झेरॉक्स माझ्यासमोर टाकली आणि म्हणाले, "तू डब्बे विकतो. जागा विकत जा." मला काही समजलं नाही. त्यांनी चहाच्या बशीत बोट बुडवून टेबलावर रस्ता काढला. कामाच्या आधी लांबून सूचना देणारा टप्पा, मग गाड्यांना हळूहळू बाजूला सारणारा तिरका टप्पा, मग प्रत्यक्ष काम, आणि शेवटी गाड्यांना परत मूळ रस्त्यावर आणणारा टप्पा. "तुझ्या लोकांचं लक्ष फक्त तिसऱ्यावर असतं. माणूस मरतो तो दुसऱ्यात," ते म्हणाले. वेग जितका जास्त तितका तिरका टप्पा लांब लागतो. आमच्याकडे ठेकेदार तो दहा-पंधरा मीटरमध्ये उरकतात, कारण त्यापुढे डब्बे जास्त लागतात आणि भाडं वाढतं.

मग त्यांनी रांगेच्या मागे एक रेघ ओढली. जमिनीला ठोकून न बसवलेला बॅरिअर धडकेत सरकतोच, तो सरकण्यासाठीच असतो. अमेरिकेतल्या चाचण्यांत सव्वादोन टनी पिकअप ताशी १०० किलोमीटर वेगाने २५ अंशांत आदळवतात. तेव्हा मोकळी ठेवलेली काँक्रीटची जोडलेली रांगसुद्धा दोन मीटरच्या आसपास मागे जाते. पाण्याच्या डब्ब्यांची रांग त्याहून जास्त. तिथे मागे जेसीबी उभा असेल, मजूर असतील किंवा खड्डा असेल तर बॅरिअरने वाचवलं असं म्हणता येत नाही.

माझ्याकडे टेबलावरची रेघ नव्हती, म्हणून मी दोन मीटरचा बांबू कापून घेतला. आजही आमच्या प्रत्येक गाडीत तो असतो. मांडणी झाली की रांगेच्या मागे बांबू आडवा टाकायचा. त्याच्या आत कड, खड्डा किंवा माणूस आला तर जागा बदल, नाहीतर काँक्रीटचे नग खाली ठोकून बसव. आमच्याकडे गाड्या शंभराने जात नाहीत हे मान्य. पण वणीच्या बाजूने कोळशाचे ट्रक येतात आणि त्यांचं वजन पिकअपएवढं नसतं. वेग मात्र सगळ्यात महागात पडतो: ४० चा ८० झाला की धडकेची ताकद दुप्पट नाही, चौपट होते. त्यामुळे बॅरिअर महागडा घेण्याआधी वेग कमी करायला भाग पाडणं, हे मी ठेकेदाराला आधी सांगतो. त्यात आमचं नुकसान आहे, पण असो.

प्लास्टिकबद्दल एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण आम्ही तेच भाड्याने देतो. बाजारात मिळणारे बहुतेक डब्बे रस्ता दाखवण्यासाठी आहेत, गाडी थोपवण्यासाठी नाहीत. आत पोलादी दोर किंवा नळ्या असलेले, धडकेची चाचणी झालेले वेगळे असतात आणि त्यांची किंमतही वेगळी. मागे खोल खड्डा असेल तर मी साधे डब्बे देत नाही. आणि दोन दिवसांचं खड्डे बुजवण्याचं काम असेल तर शंकूच बरे. बॅरिअर स्वतःच रस्त्यावरची एक अडचण असतो, तो मांडताना आणि उचलताना आमचीच माणसं गाड्यांच्या तोंडी असतात.

काँक्रीटचे नग आम्ही तीन वर्षांपूर्वी ओतायला घेतले. खाली पसरट, वर निमुळता, तो न्यू जर्सी आकार. तिरकी गाडी आली की चाक खालच्या उतारावर थोडं चढतं आणि परत रस्त्याकडे वळतं. मीटरमागे साधारण सहाशे किलो, त्यामुळे हायड्रा क्रेनशिवाय हलत नाही. पण नुसतं वजन कामाचं नाही. दोन नगांमधले लोखंडी फास आणि त्यांतून जाणारी पिन, जीव तिथे असतो. पिन नसेल तर रांग नाही, सुटे दगड. पहिल्या महिन्यात आमच्या सतरा पिना भंगारात गेल्या. आता खालून बोल्ट मारतो. काळ्या मातीच्या साइडपट्टीवर नग ठेवले तर पहिल्या पावसात एका अंगाला कलतात, म्हणून खाली मुरूम दाबून घेतो. आणि नगाखालची पाणी जाण्याची खाच उताराकडे आली नाही तर रस्त्याचं तळं होतं. हे आम्ही जुलैमध्ये गुडघाभर पाण्यात उभं राहून शिकलो.

बिलांबद्दल लिहावं तितकं थोडं. रस्ते मंत्रालयाच्या स्पेसिफिकेशनमध्ये ११२ वं कलम आहे. काम चालू असताना वाहतुकीची सोय करणं हा कामाचाच आनुषंगिक भाग, अशा अर्थाचं. म्हणजे बहुतेक कंत्राटांत त्याचा वेगळा पैसा नाही. ज्याचा वेगळा पैसा नाही तिथे पहिली काटछाट, हे आपल्याकडे सांगावं लागत नाही. एका कामाचे पैसे आम्हाला अठरा महिन्यांनी मिळाले, तेही निम्मे. आता निम्मं भाडं आगाऊ घेतो.

आज दुकानात आठ माणसं आहेत. सगळ्यात जास्त वेळ आम्ही कशात घालवतो तर वावरांच्या वाटा विचारण्यात. नकाशावर सरळ रस्ता असतो, पण त्याच्या दोन्ही बाजूंना पांदणी उतरतात. लोकांना विचारलं नाही तर ते रात्री स्वतःच दोन डब्बे ओढून बंडीपुरती वाट करतात. मग रांगेचं उघडं टोक येणाऱ्या गाडीकडे तोंड करून उभं राहतं, त्याहून वाईट काही नाही. म्हणून मांडणीच्या आदल्या दिवशी मी गावात पाराजवळ बसतो आणि कोणाची बंडी कुठून जाते ते लिहून घेतो. तिथे रांगेची दोन टोकं एकमेकांवर चढवून, मधून तिरकी वाट सोडतो. दिवाळीनंतर कापूस निघाला की ट्रॉलीच्या दोन्ही अंगांना गाठोडी फुगलेली असतात, त्या दिवसांत गाड्यांची वाट साडेतीन मीटरच्या खाली येऊ देत नाही. फाट्याजवळ उंच डब्बेही लावत नाही, मोटरसायकलवाल्याला पलीकडचं दिसायला हवं.

गेल्या पोळ्याला सकाळी सातलाच फोन. "भाऊ, बैल मिरवणुकीले न्याचे हाय, झुला-बाशिंग बांधून तयार हाय, पन तुमच्या वाटेतून जोडी जात नाई. एका टायमाले एकच बैल जाते." पोळ्याच्या दिवशी जोडी सुटी करून नेणार कोण? मी छोटा हत्ती काढला, दोन पोरं घेतली. वाट दीड मीटरने रुंद केली, टोकं पुन्हा एकमेकांवर चढवली, बांबू टाकून बघितला. मागून आठ जोड्या रांगेत उभ्या होत्या. एक बैल आमच्या लाल-पांढऱ्या डब्ब्याला शिंग घासत होता आणि डब्बा हलला नाही. भरलेला होता.