न्यूअर्कचा अष्टकोन: गोल्फवाले गेले, फाटक उघडलं

अमेरिकेत कोलंबस शहरात पाहुणे आले की त्यांना फिरवायच्या आम्हा मराठी मंडळींच्या यादीत न्यूअर्क कधीच नसतं. ओहायोतलं हे छोटं शहर गाडीने पाऊण तासावर. तिथले मातीचे बांध सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे, म्हणजे आपल्याकडे सातवाहन होते तेव्हाचे.

पहिल्या नजरेत हाती काहीच लागत नाही. गवताने झाकलेला, जेमतेम माझ्या खांद्याएवढा बांध. कडेकडेने चालायला लागलं की उलगडतं. बांध साधारण १७० मीटर जाऊन थांबतो. कोपऱ्यावर मोकळी वाट, आणि वाटेच्या आत बरोबर समोर एक बुटका उंचवटा, दारातून आतलं दिसू नये म्हणून आडोसा करावा तसा. पुन्हा बांध, पुन्हा वाट. अशा आठ भुजांनी ५० एकर जागा वेढलीय. दोन समांतर बांध तिला शेजारच्या २० एकरांच्या वर्तुळाशी जोडतात. होपवेल संस्कृतीच्या, म्हणजे इथल्या प्राचीन मूळ रहिवासी लोकांनी ही माती टोपल्यांनी वाहिली. ना चाक, ना ओझ्याची जनावरं.

१९८२ मध्ये रे हाइव्हली आणि रॉबर्ट हॉर्न या प्राध्यापकांनी दाखवून दिलं की ही आखणी चंद्राला धरून आहे. चंद्र उगवण्याची जागा सरकत असते. १८.६ वर्षांच्या फेऱ्यात ती सर्वात उत्तरेला जिथे पोहोचते, त्याच दिशेला वर्तुळातून अष्टकोनाकडे जाणारा अक्ष रोखलेला आहे.

आणि अशा जागी १९१० पासून गोल्फ! जागा एका खासगी क्लबला भाड्याने दिलेली होती. बाकीच्यांना बघायला एक मचाण आणि वर्षातले मोजके दिवस. क्लबला शिव्या घालणं सोपं आहे, पण आजूबाजूचे कितीतरी बांध नांगराने आणि घरांनी गिळले आणि गोल्फखालचे टिकले, हेही खरं. तरीसुद्धा ही जागा पूर्वजांची मानणाऱ्या, इथून कधीच हुसकावल्या गेलेल्या शॉनी या मूळ अमेरिकी लोकांनी इथे यायचं तर गोल्फचं वेळापत्रक बघायचं, हे काही मला पटत नव्हतं.

डिसेंबर २०२२ मध्ये ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने जागेची मालक असलेल्या ओहायो हिस्टरी कनेक्शन या संस्थेला क्लबचा भाडेपट्टा सक्तीने परत घ्यायला हिरवा कंदील दिला. सप्टेंबर २०२३ मध्ये होपवेलची आठ स्थळं युनेस्कोच्या यादीत गेली. क्लबशी पैशांची तडजोड व्हायला मात्र २०२४ उजाडलं, आणि १ जानेवारी २०२५ पासून अष्टकोन सगळ्यांना खुला झाला.

जाणार असाल तर आधी जवळचं ग्रेट सर्कल बघा. तिथे छोटं संग्रहालय आहे, बांधही चांगले उंच, आतल्या बाजूने खंदक. एकेकाळी या वर्तुळात जत्रा भरायची, घोड्यांच्या शर्यती व्हायच्या! सकाळी गवत ओलंचिंब असतं, बूट घालून जा. आणि बांधांवर चढू नका.