लक्ष्मीचा ल

मे-जूनमध्ये मुंबईतल्या एका कलासंग्रहालयात आठ आठवडे इंटर्नशिप केली. प्रदर्शन होतं जुन्या शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापलेल्या, चित्रांचं. माझ्याकडे भिंतीवरचे पॅनेल, चित्रांखालची लेबलं आणि प्रवेशाजवळचा मोठा ब्लो-अप.

ही चित्रं मला परकी नव्हती. सांगलीला आजीच्या देवघरात अशीच एक लक्ष्मी होती, काच तडकलेली, कडेला ओल आलेली. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे मळवलीला गेला, हे मला इथे आल्यावर कळलं. पुणे-लोणावळा लोकलने ते स्टेशन मी किती वेळा मागे टाकलं असेल! राजवाड्यांतल्या तैलचित्रांतले देव या छापील चित्रांमुळे साध्या घरांच्या भिंतींवर आले. एरवी अशी चित्रं कुणाच्या घरी जाणार होती?

ब्लो-अपसाठी स्कॅन मोठा केला आणि थांबलेच. लक्ष्मीच्या गालावर गुलाबी रंग कुठेच नव्हता. होते ते नुसते ठिपके. तांबडे, पिवळट, थोडे निळसर. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि कागद दर वेळी नेमका त्याच जागी बसवायचा. एके ठिकाणी तांबडा किंचित सरकला होता, ओठाबाहेर. मी तो सॉफ्टवेअरमध्ये पुसून टाकला. संग्रहालयातल्या मॅडमनी पाहिलं आणि म्हणाल्या, “ते राहू दे गं. तो छापणाऱ्याचा हात आहे.” मी लगेच परत आणला. दहा फुटांच्या भिंतीवर तो सरकलेला ठिपका आता वाटाण्याएवढा दिसतो, आणि मला तो फार आवडतो.

खरी झटापट मात्र लेबलांशी झाली. आधीच्या आराखड्यात इंग्रजी वर, ठळक काळं. मराठी खाली, बारीक आणि राखाडी. त्यात कागदावरच्या चित्रांचे रंग उजेडाने उडतात म्हणून दालनात प्रकाश अगदी मंद, पन्नास लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास ठेवतात. त्या अंधुकात राखाडी मराठी कोण वाचणार? टेस्ट प्रिंट चिकटवून मी दालनातल्या सिक्युरिटीच्या काकांना बोलावलं. ते पुढे वाकले, चष्मा वर केला, मग म्हणाले, “ताई, चित्र ओळखतो मी. आमच्याकडे गावी होतं. पण खाली काय लिहिलंय ते नाही दिसत.”

ज्यांच्या घरात ही चित्रं होती त्यांनाच लेबल वाचता येत नसेल तर ते लेबल कशासाठी? मी मराठी काळं केलं, अक्षर इंग्रजीच्या बरोबरीचं घेतलं, आणि वर-खाली मात्रा-उकारांना श्वास मिळावा म्हणून ओळींमधलं अंतर वाढवलं. पॅनेलवरचा इंग्रजी मजकूर चार ओळींनी कमी करावा लागला. त्यावर दोन बैठका झाल्या. मी हटले नाही.

मग लक्षात आलं की ‘लक्ष्मी’तला ल आणि ‘शकुंतला’तला श हिंदी वळणाचे पडलेत. मराठीत ल पाकळीचा आणि श देठाचा, असं २००९ च्या शासन निर्णयातही आहे. चांगल्या फॉन्टमध्ये ही रूपं आत असतात. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या मजकुराची भाषा मराठी करावी लागते, एवढंच. भाषा बदलली आणि पानभर सगळे ल एकदम फिरले. शाळेत बाईंनी गिरवून घेतलेला ल समोर आला. कुणी म्हणेल, एवढ्याने काय होतं? मला वाटतं, होतं. घरातलं अक्षर आणि परकं अक्षर डोळ्याला लगेच कळतं, कारण सांगता आलं नाही तरी.

उद्घाटनाच्या आदल्या रात्री प्रवेशाजवळचं शीर्षक व्हिनाइलमध्ये, म्हणजे पातळ चिकट प्लास्टिकमध्ये, कापून आलं. अक्षरांमधला जादा व्हिनाइल ब्लेडने सोलून काढला, वर अक्षरं उचलून भिंतीवर नेणारी ट्रान्स्फर टेप लावली, भिंतीवर घासली. टेप ओढायला लागले तशी ल ची डावी पाकळी तिच्याबरोबर सुटायला लागली. काकांनी टॉर्च धरला. मी नखाने पाकळी दाबून ठेवली आणि टेप अगदी भिंतीलगत, हळूहळू मागे घेत गेले. पाकळी भिंतीवर राहिली.