चिंगीचं खाणं बदललं तेव्हा

आमच्या चिंगी कुत्रीने सातवं वर्ष ओलांडलं आणि तिचे मागचे पाय बारीक दिसू लागले. वजन होतं तेवढंच, २० किलो, पण मांड्या सैल पडलेल्या आणि पाठीवरून हात फिरवला की मणके लागायचे. डॉक्टरांनी आधी सांधे तपासले, रक्त आणि लघवी तपासायला लावली आणि मगच स्नायूंसाठी जास्त प्रथिनांचं ड्राय फूड सुरू करायला सांगितलं. निरोगी कुत्र्याची किडनी जास्त प्रथिनांनी बिघडत नाही, पण किडनीचा आजार आधीपासून असेल तर गोष्ट वेगळी. त्यामुळे ही तपासणी कुणीच टाळू नये असं मला मनापासून वाटतं.

मग पाकिटं वाचणं आलं. टक्के जसेच्या तसे धरायचे नाहीत, आधी ओलावा वजा करायचा. डबाबंद ओल्या खाण्यावर प्रथिनं ९ टक्के दिसतात, पण त्यात ७८ टक्के पाणी असेल तर उरलेल्या २२ भागांत ९ भाग प्रथिनं, म्हणजे जवळजवळ ४१ टक्के! शिवाय पाकिटावरचा प्रथिनांचा आकडा खाण्यातला नायट्रोजन मोजून, त्याला ६.२५ ने गुणून काढतात. त्यातलं किती पचेल हे त्यावरून कळत नाही. ते शेवटी कुत्र्याची शीच सांगते.

सगळ्यात महत्त्वाचं मला वाटलं ते कॅलरींचं गणित. जुन्या खाण्यात १०० ग्रॅमला ३५० कॅलरी होत्या, नव्यात ४२०. चिंगीला दिवसाला ८४० कॅलरी पुरत होत्या. म्हणजे जुनं २४० ग्रॅम लागायचं, नवं फक्त २००. त्याच मापट्याने घातलं असतं तर ती नुसती जाड झाली असती. आणि प्रथिनं? जुनं २२ टक्क्यांचं, नवं ३२ चं. पाकिटं शेजारी ठेवली तर फरक केवढा वाटतो! प्रत्यक्षात तिच्या पोटात ५३ ग्रॅमऐवजी ६४ ग्रॅम जाणार होती. वाढ साधारण पाचव्या हिश्शाची. म्हणून मापटं बाजूला ठेवून स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला.

बदल हळूहळू केला. सुरुवातीला १८० ग्रॅम जुनं आणि ५० नवं, मग १२० आणि १००, मग ६० आणि १५०. साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात असं सांगतात, पण घाई कशाला? अर्धं-अर्धं झाल्यावर शी पातळ झाली, गॅसही वाढला. नव्या खाण्यात चरबीही जास्त होती, त्याची सवय पोटाला व्हायला हवी होती. ती खेळत होती, पाणी पीत होती, उलटी नव्हती, म्हणून त्याच प्रमाणावर थांबले आणि शी घट्ट झाल्यावरच पुढे गेले. उलट्या, रक्त किंवा मरगळ दिसली असती तर थेट डॉक्टरांकडेच नेलं असतं.

ट्रीट्स दिवसाच्या कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आतच ठेवल्या, तेवढं खाणं ताटलीतून कमी केलं.

वजन अजून २० वरच आहे आणि मांड्या भरू लागल्यात. डॉक्टर दर खेपेला हाताने चाचपून बघतात. नुसत्या खाण्याने स्नायू होत नाहीत, म्हणून रोज थोडं चढावर चालणंही चालू ठेवलंय.