किट कार, चार वजनकाटे आणि आण्णांची पाण्याची नळी

माझ्या किट कारच्या ज्या ब्रेकने सहा आठवडे माझी झोप उडवली होती त्याचं कारण शेवटी सापडलं, आणि ते ब्रेकमध्ये नव्हतंच. डोक्यात ताजं आहे तोवर सगळं लिहून ठेवतो, कुणीतरी दुसरा याच जागी अडकला असेल तर त्याचे दोन शनिवार तरी वाचतील.

नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. मी मूळचा कोल्हापूरचा, आता इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ राहतो, आणि अडीच वर्षं झाली घरालगतच्या गॅरेजमध्ये लोटस सेव्हनसारखी किट कार बांधतोय. सेव्हन म्हणजे लोटस कंपनीचा संस्थापक कॉलिन चॅपमनने १९५७ मध्ये आणलेली दोन सीटची, उघडी, एकदम हलकी गाडी. तेव्हा इथे तयार गाडीवर परचेस टॅक्स लागायचा, सुट्या भागांचं किट घेतलं की तो वाचायचा, म्हणून लोक खोकी घरी आणून स्वतः गाडी जोडायचे. १९७३ मध्ये व्हॅट आला आणि तो फायदा संपला, त्याच वर्षी सेव्हनचे हक्क लोटसकडून केटरहॅम या कंपनीकडे गेले, पण घरी गाडी जोडायची इथल्या लोकांची हौस काही संपली नाही.

माझं किट केटरहॅमचं नाही, एवढं बजेटच नव्हतं. चौकोनी पाइपची वेल्डेड चॅसिस घेतली आणि बाकी सगळं एका जुन्या माझदा एमएक्स-५ मधून काढलं. या गाड्या इथल्या पावसात आणि रस्त्यावरच्या मिठात दाराखालून सडतात, एमओटीत, म्हणजे इथल्या दरवर्षीच्या तपासणीत, नापास होतात, पण इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल अजून धडधाकट असतं, म्हणून डोनर कार, म्हणजे भाग काढून घ्यायची गाडी, म्हणून फार चांगल्या. बांधणीचं पुराण मी आज लावत नाही. एवढंच सांगतो की रस्त्यावर आणायच्या आधी जी आयव्हीए टेस्ट असते तिच्यात हात लागेल अशा कडेची गोलाई अडीच मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही, त्यामुळे शेवटचा महिनाभर मी फक्त कडा घासत आणि रबरी पट्ट्या लावत बसलो होतो. पास झाली, नंबर प्लेट लागली, आणि मला वाटलं गाडी तयार झाली.

पण रस्त्यावर चालणारी गाडी आणि स्पर्धेत उतरवायची गाडी यात खूप अंतर असतं. मला स्प्रिंटमध्ये उतरायचंय, म्हणजे एका वेळी एकच गाडी ट्रॅकवर आणि स्पर्धा घड्याळाशी, पहिली लिचफिल्डजवळच्या कर्बरोला. त्यासाठी बाहेरून बंद करता येईल असा मास्टर स्विच बसवला, त्याच्या शेजारी निळ्या त्रिकोणातला लाल विजेचा स्टिकर लावला, बॅटरीच्या अर्थच्या वायरला पिवळी टेप गुंडाळली, थ्रॉटलला जादाची रिटर्न स्प्रिंग घातली, आणि पुढे नाकाडावर टायमिंग स्ट्रट लावला, ही काळ्या मॅट रंगाची उभी पट्टी, ५१ मिलिमीटर रुंद आणि २५४ उंच, कारण घड्याळाचा किरण तीच तोडते. मग गाडीखाली आडवं पडून सस्पेन्शनचा एकेक नट टॉर्क रेंचने आवळला आणि प्रत्येकावर पिवळ्या पेंटची रेघ ओढली, नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. उघडलेला नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, सहज सैल न होणारा) मी परत वापरत नाही, नवीनच घालतो, इथे पैसे वाचवायचे नाहीत.

हे सगळं करून एका जुन्या विमानतळावर ट्रॅक डेला गेलो. जोरात ब्रेक मारला की पुढचं उजवं चाक लॉक, म्हणजे फिरायचं थांबून नुसतं घसटतं. दर वेळेला तेच एक चाक, पांढरा धूर, आणि गाडी सरळ जायचं सोडून डावीकडे ओढते. घरी येऊन कॅलिपर (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग) खोलला, सील बदलले, ब्रेकच्या नळीतली हवा काढली, तरी तसंच. परत खोलला, दोन्ही बाजूचे पॅड अदलाबदल करून पाहिले, काही फरक नाही.

रविवारी व्हिडिओ कॉलवर हे आण्णांना सांगितलं. आण्णांनी आयुष्य कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काढलंय, गाडी त्यांनी प्रत्यक्ष बघितलेली नाही पण प्रत्येक पार्ट त्यांना फोनवर दाखवलेला आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "चाकावर वजन किती पडतंय ते मोजलंस का?" म्हटलं, आण्णा, सस्पेन्शनची उंची चारही बाजूंनी टेपने मोजून लावलीय. तर म्हणाले, "ते आसूदे की. भुई सपाट हाय का तुझी?"

भुई सपाट नव्हती. गॅरेजच्या कोब्याला पाणी दाराकडे जावं म्हणून उतार दिलेला आहे, हे मला रोज दिसत होतं आणि मी त्याच जमिनीवरून उंची मोजली होती, ती पण रिकाम्या गाडीत. आण्णा म्हणाले लेव्हल ट्यूब घे, गवंडी वापरतात ती. पारदर्शक नळी आणली, पाणी भरलं, चार चाकांच्या जागी खुणा केल्या आणि फरशीचे तुकडे घालून चारही जागा एका पातळीत आणल्या. एका क्लबमधल्या मित्राने चार डिजिटल वजनकाटे दिले. डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा अँटीरोल बार सोडवला, टायरमधली हवा सारखी केली, आणि माझ्या सीटवर तांदळाची तीन वीस किलोची पोती आणि वर पीठ, कारण चालकाचं वजन गाडीत असल्याशिवाय या मापाला अर्थ नाही आणि मला पान्हा घेऊन बाहेर बसायचं होतं.

आकडे आले: पुढचं डावं १५८, पुढचं उजवं १३२, मागचं डावं १४०, मागचं उजवं १८०. एकूण ६१० किलो. पुढचं उजवं आणि मागचं डावं या कर्णावर फक्त २७२ किलो, म्हणजे ४४.६ टक्के, पाहिजे पन्नासच्या जवळ. एक पाय आखूड असलेली खाट जशी दोन कर्णांवर डुलते तशी माझी गाडी उभी होती. पुढच्या उजव्या चाकावर भारच कमी, मग ब्रेक मारल्यावर ते आधी लॉक होणार नाही तर काय.

यातली गंमत मला फार आवडली. स्प्रिंगची खालची बैठक वर फिरवली की त्या चाकावर भार वाढतो आणि त्याच्या कर्णातल्या चाकावरही वाढतो, उरलेल्या दोघांवरचा कमी होतो. पण पुढचे एकूण २९० आणि मागचे ३२० तसेच राहतात, डावी-उजवी बेरीजही हलत नाही, ती बदलायची तर बॅटरीसारखी जड वस्तूच हलवावी लागते. पाव-पाव फेरा फिरवायचा, गाडी मागे-पुढे ढकलून सस्पेन्शन बसू द्यायचं, परत आकडे वाचायचे. रात्री साडेअकराला १४२, १४८, १५६, १६४ वर आलो. कर्ण ३०४, म्हणजे ४९.८ टक्के. बायको दारात उभी राहून आकडे वहीत लिहीत होती.

परवा परत त्याच विमानतळावर गेलो. ब्रेकला हात लावला नव्हता, फक्त स्प्रिंगच्या बैठका बदललेल्या. जोरात ब्रेक मारला, गाडी सरळ थांबली. उतरून डांबरावर बघितलं तर पुढच्या दोन्ही चाकांचे काळे पट्टे जवळपास सारख्या लांबीचे. फोटो काढून आण्णांना पाठवला. लगेच फोन आला, "उजवा पट्टा अजून बोटभर लांब हाय बघ."